कॅल्शियमची गोळी: कोणती, किती आणि कधी

खानापूरपासून निपाणीपर्यंत सीमाभागातल्या बहुतेक घरांत कॅल्शियमच्या गोळ्यांची एखादी पट्टी असतेच. गरोदर सुनेच्या तायी कार्डाबरोबर (कर्नाटकातले गरोदर मातेच्या नोंदींचे सरकारी कार्ड) आरोग्य केंद्रातून ती मिळालेली असते, नाहीतर आजींचे गुडघे दुखतात म्हणून औषध दुकानातून आणलेली असते. गोळी ओळखीची असल्यामुळे ती कशीही आणि केव्हाही घेतली तरी चालते, असा समज रूढ झाला आहे. प्रत्यक्षात ती कोणत्या वेळी आणि कशाबरोबर घेतली, यावरच तिचा बराचसा उपयोग अवलंबून असतो.

प्रथम पट्टीची मागची बाजू वाचावी. तिथे सहसा ‘कॅल्शियम कार्बोनेट 1250 मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असते आणि त्यापुढे ‘एलिमेंटल कॅल्शियम 500 मिलिग्रॅम’ असा दुसरा आकडा असतो. शरीराच्या दृष्टीने हा दुसरा आकडा महत्त्वाचा आहे, कारण कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम 40 टक्के असते, सायट्रेटमध्ये 21 टक्के आणि ग्लुकोनेटमध्ये जेमतेम 9 टक्के. दोन पट्ट्यांच्या किमतींची तुलना करायची असेल, तर तीही याच आकड्यावरून करावी. मजकूर इंग्रजीत असल्याने वाचता येत नसेल, तर दुकानदाराला मराठीत किंवा कन्नडमध्ये नेमके एवढेच विचारावे की, या एका गोळीत एलिमेंटल कॅल्शियम किती आहे.

कार्बोनेट स्वस्त आहे आणि बहुतेकांना पुरेसे आहे. मात्र ते विरघळायला जठरातले आम्ल लागते, म्हणून ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घ्यावी. उपाशीपोटी घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. जे रुग्ण आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल रोज घेतात, त्यांच्या पोटात आम्ल कमी असते. अशांनी डॉक्टरांना सायट्रेटविषयी विचारावे, कारण ते जेवणाशिवायही शोषले जाते. कार्बोनेटमुळे बद्धकोष्ठ आणि पोटात वायू होण्याचा त्रास अधिक जाणवतो, हेही लक्षात ठेवावे.

किती घ्यावे, हे ठरवण्यापूर्वी ताटातल्या कॅल्शियमचा हिशेब करावा. भारतीय शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. स्तनपान करणाऱ्या मातेला आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला 1200. दुधाच्या 200 मिलीच्या पेल्यात साधारण 240 मिलिग्रॅम असते आणि दह्याचे प्रमाण त्याच्या जवळपासच असते. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम असते, म्हणजे 50 ग्रॅम पिठाची एक भाकरी 175 मिलिग्रॅमच्या आसपास देते. खानापूरच्या बाजूची नाचणीची आंबील या दृष्टीने फार मोलाची आहे, कारण आंबवल्यामुळे कॅल्शियम अडवून धरणारे फायटेट कमी होते. पालकात कॅल्शियम असले, तरी ऑक्झलेटमुळे त्यातले फारच थोडे अंगी लागते. त्याऐवजी शेवग्याचा पाला निवडावा. ज्या घरात दोन वेळा दूध किंवा दही आणि एक वेळ नाचणी पोटात जाते, तिथे उरलेली गरज बहुधा एका गोळीत भागते. एका वेळी 500 मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम घेतल्यास त्याचे शोषण घटत जाते, म्हणून दोन गोळ्या सांगितल्या असतील तर त्या दोन वेगवेगळ्या जेवणांबरोबर घ्याव्यात.

सर्वाधिक काळजी गरोदरपणात घ्यावी लागते. सरकारी मार्गदर्शनानुसार 14व्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत दिवसाला दोन गोळ्या दिल्या जातात. प्रत्येक गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट ड जीवनसत्त्व असते. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या स्त्रियांमध्ये यामुळे गरोदरपणातील उच्च रक्तदाबाच्या गंभीर विकाराचा धोका घटतो, आणि दोन गोळ्या देण्यामागचे मुख्य कारण तेच आहे. अडचण होते ती लोहाच्या लाल गोळीमुळे. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते, आणि तरीही विसरायला नको म्हणून दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेण्याची सवय अनेक घरांत दिसते. साधी मांडणी अशी करता येते: सकाळच्या न्याहारीबरोबर कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर लोह आणि रात्रीच्या जेवणाबरोबर पुन्हा कॅल्शियम. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर असावे. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहाही टाळावा. लिंबू पिळलेले पाणी मात्र उपयोगी पडते.

त्याच गरोदर स्त्रीला थायरॉइडची गोळीही चालू असेल, तर ही मांडणी बदलावी लागते. लेव्होथायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर हवे; लोहालाही तोच नियम लागू आहे. सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, एक वाजता जेवणाबरोबर कॅल्शियम, संध्याकाळी साडेचारच्या सुमारास काहीतरी खाऊन लोह आणि रात्री आठला जेवणाबरोबर दुसरे कॅल्शियम, असे बसवता येते. हे वेळापत्रक तायी कार्डाच्या पाकिटातच कागदावर लिहून ठेवावे आणि आशाताईंना एकदा दाखवून घ्यावे. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकेही कॅल्शियमला चिकटून निकामी होतात. ती चालू असताना दोहोंच्या वेळांत किती अंतर ठेवायचे, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. गुडघ्याच्या सांध्याची झीज कॅल्शियमच्या गोळीने भरून येत नाही. ही गोळी हाडांच्या ठिसूळपणासाठी, तीही बहुधा इतर औषधांच्या जोडीने, दिली जाते. त्यांपैकी अॅलेन्ड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेतात आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होत नाहीत, कारण अन्ननलिकेत अडकल्यास ती तिथे जखम करते. त्या दिवशी कॅल्शियम पुढच्या जेवणाबरोबर घ्यावे. झोलेड्रोनिक अॅसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात, तर डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते. डेनोसुमॅब मध्येच सोडल्यास मणक्यांचे अस्थिभंग होऊ शकतात, म्हणून त्याची तारीख चुकवू नये. या औषधांपूर्वी रक्तातले कॅल्शियम तपासतात. ते योग्य आले म्हणजे हाडे भक्कम आहेत, असा अर्थ काढू नये. शरीरातले सुमारे 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते, आणि रक्तातली पातळी राखण्यासाठी शरीर ते हाडांतूनच काढून घेत असते.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोज घेण्याची चूक गंभीर ठरू शकते. त्यामुळे रक्तातले कॅल्शियम वाढले की फार तहान लागते, वारंवार लघवी होते, मळमळते, बद्धकोष्ठ होते आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. ही लक्षणे दिसताच गोळ्या थांबवून दवाखाना गाठावा.

मूतखडा झालेल्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच हृदयविकारासाठीचे डिगॉक्सिन किंवा थायाझाइड वर्गातली लघवीची गोळी घेणाऱ्यांनी स्वतःहून कॅल्शियम सुरू करू नये. मूतखड्याच्या भीतीने दूध-दही मात्र सोडू नये, कारण जेवणातले कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. डायलिसिसच्या रुग्णांना कॅल्शियम अॅसिटेट दिले जाते ते अन्नातला फॉस्फरस बांधण्यासाठी. ते जेवणाबरोबर घेतले नाही, तर त्याचा हेतूच फसतो. अॅमलोडिपिनला ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ म्हणतात म्हणून रक्तदाबाचे अनेक रुग्ण दूध टाळतात. तसे करण्याचे कारण नाही.

कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन ताकदीसाठी मागू नये. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती मुंग्या येऊन हातपाय आखडणे किंवा रक्तात पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाणे, अशा प्रसंगी ते शिरेतून सावकाश देतात आणि त्या वेळी हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात.

दह्यातून किंवा पाण्यातून गव्हाएवढा चुना घेण्याचा उपायही आपल्याकडे प्रचलित आहे. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो दाहक असतो, त्याची मात्रा मोजता येत नाही आणि डोळ्यात उडाल्यास दृष्टी जाऊ शकते. लहान मुले असलेल्या घरात तर हा प्रयोग मुळीच करू नये. तसेच, गोठ्यातल्या म्हशीला व्यायल्यानंतर पाजायची कॅल्शियमची बाटली घरातल्या औषधांपासून वेगळ्या ठिकाणी, शक्यतो गोठ्याजवळच, कुलपात ठेवावी.