पाय एकीकडे, खांदे दुसरीकडे: फास्ट बॉलिंग टाकणाऱ्या पोरांची कंबर कशी सांभाळावी

बॉल टाकताना बॅट्समनकडे खांदा करायचा (साइड-ऑन) की छाती (फ्रंट-ऑन), हा वाद पारावर चालू द्या. कंबरेचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. मी दर्यापूर तालुक्यात शाळेवर पीटी शिकवतो आणि संध्याकाळी पोरांची बॉलिंग घेतो. नवं पोरगं आलं की ते कोणत्या पद्धतीनं टाकतं हे मी नंतर पाहतो. अर्धं एका पद्धतीनं आणि अर्धं दुसऱ्या पद्धतीनं तर टाकत नाही ना, हे आधी पाहतो.

उजव्या हाताचा बॉलर धरून सांगतो, डावखुऱ्यानं उलट वाचावं. जुनी पद्धत साइड-ऑन: मागचा पाय क्रीजला समांतर पडतो, डावा खांदा बॅट्समनकडे असतो, नजर डाव्या हाताच्या बाहेरून जाते. कपिल देव, ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली यांचे जुने व्हिडिओ पाहा. फ्रंट-ऑनमध्ये मागच्या पायाची बोटं सरळ बॅट्समनकडे, छाती उघडी आणि नजर डाव्या हाताच्या आतून. वेस्ट इंडीजचा माल्कम मार्शल तसा टाकायचा. या दोहोंच्या मधली सेमी-ओपनही चालते. जोरात पळत येणाऱ्याला हवेत पूर्ण आडवं वळायला वेळ मिळत नाही, म्हणून आताचे बरेच बॉलर मधल्या किंवा उघड्या ॲक्शनचे दिसतात.

खरी भानगड मिक्स्ड ॲक्शनची. पोरगं पळत येतं, पाय फ्रंट-ऑन पडतो, आणि कोणीतरी काकानं सांगितलेलं असतं, ‘डाव्या खांद्यावरून पाह्य!’ मग पाय पडल्यावर ते खांदे मागे आडवे वळवतं आणि बॉल सोडताना पुन्हा पुढे फेकतं. कमरेखालचं अंग एकीकडे, वरचं दुसरीकडे. ओलं धोतर पिळावं तसं. ऑस्ट्रेलियात 1980 च्या दशकापासून तरुण बॉलरांवर यावर काम झालंय. मागचा पाय टेकल्यावर खांदे साधारण 30 अंशांहून जास्त उलटे फिरत असतील, तर पाठीच्या हाडाला चीर जाण्याचा धोका वाढतो.

त्यातच पुढचा पाय आपटतो. त्या क्षणी जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या पाच पटींहूनही जास्त असू शकतो, आणि नेमकं तेव्हाच अंग डावीकडे झुकलेलं, मागे वाकलेलं आणि पिळलेलं असतं. सगळा भार कंबरेच्या खालच्या मणक्यांच्या मागच्या बारीक हाडावर येतो. उजव्या हाताच्या बॉलरची चीर बहुतेक वेळा डाव्या बाजूला सापडते. विशीच्या आतलं हाड अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे शाळा-कॉलेजातल्या पोरांना जास्त जपायचं.

एखादी पद्धत घेतली म्हणजे विमा उतरवला असं मात्र नाही. लिलीसारख्या बॉलरची पाठ 1973 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात गेलीच. बुमराहला 2019 मध्ये पाठीचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक चीर, झालं आणि 2023 मध्ये पाठीचं ऑपरेशन करावं लागलं. तरी पोट्टे विचारतातच, ‘सर, बुमराह त तसाच टाकते ना?’ बुमराहच्या मागे फिजिओ आणि ट्रेनर आहेत. तुझ्यामागे कोण आहे बाबू, मी आणि तुझी माय.

आता तपासायचं कसं. हरभरा निघालेल्या वावरातलं पिच असेल तर उत्तमच. क्रीजच्या मागे-पुढे वीतभर पट्ट्यात भुसभुशीत माती किंवा फक्की पसरा, पोराला चार-सहा बॉल पूर्ण दमानं टाकू द्या आणि मग गुडघ्यावर बसून ठसे वाचा. मागच्या पायाचा ठसा क्रीजला समांतर आहे की बॅट्समनकडे सरळ? बोटांकडून माती मागे उडालीय की टाच रुतून पाय जागीच गरकन फिरलाय? फिरलेला पाय गोल पुसट डाग सोडतो. तो दिसला की पाय पडल्यावर अंग वळतंय असा संशय घ्यायचा. मग पुढचा ठसा. मागच्या पायापासून बॅट्समनकडे सुतळी ताणा. पुढचा पाय सुतळीवर किंवा जवळपास हवा. तो सुतळी ओलांडून उजवीकडे पडत असेल, तर पोरगं स्वतःच्याच पायात अडकतंय आणि बॉल सोडायला त्याला कंबर मोडून डावीकडे झुकावं लागतंय.

ठशात खांदे दिसत नाहीत, त्यासाठी मोबाइल. अंपायरच्या मागे उभं राहून स्लो मोशनमध्ये घ्या, शर्ट पँटमध्ये खोचायला लावा. मागचा पाय टेकतो तिथं व्हिडिओ थांबवा: पाय, कंबर, खांदे एकाच दिशेला आहेत का? मग बोटानं एकेक फ्रेम पुढे सरकवा. खांदे आणखी आडवे वळताना दिसले की सापडलं.

दुरुस्ती करताना माझा कल ठरलेला आहे: पायाला हात लावायचा नाही, खांदे पायाच्या दिशेला आणायचे. पाय पळण्याच्या सवयीनं पडतो, तो बदलायला गेलं की रनअप, उडी, सगळंच बिघडतं. पाय फ्रंट-ऑन असेल तर पोराला एवढंच सांगायचं, ‘डाव्या हाताच्या आतून स्टंप पाह्य.’ बऱ्याचदा त्यानंच खांदे उघडे राहतात. आधी जागेवर उभं राहून, मग तीन पावलं चालत, मग अर्ध्या रनअपनं. सुरुवातीला टेनिस बॉलच वापरा. लेदर बॉल 156 ते 163 ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट जड. हे काम पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात करायचं. टूर्नामेंट चालू असताना ॲक्शन बदलली तर पोरगं नवीही विसरतं आणि जुनीही.

ॲक्शनइतकीच महत्त्वाची गोष्ट बॉल मोजणं, आणि ती कोणी करत नाही. इंग्लंडच्या बोर्डानं 14-15 वर्षांच्या फास्ट बॉलरला एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, 6 आणि दिवसाला 12 ओव्हरची मर्यादा घातली होती. आमच्याकडे मॅचला बॉलरमागे दोनच ओव्हर, म्हणून सगळे निर्धास्त. पण तेच पोरगं सकाळी शाळेच्या टीममध्ये, दुपारी गावच्या आणि रात्री लाइटीखाली मामाच्या गावच्या टीममध्ये असतं. वही ठेवा, नेट आणि वॉर्मअपचे बॉलही धरा. दिवाळीनंतर बॉलांची संख्या एकदम दुप्पट नको.

लेदर बॉलची घाई तर नकोच. खापरखेड्याजवळच्या वलनीचा उमेश यादव विशीच्या आसपासपर्यंत टेनिस बॉलच टाकत होता, आणि 2011 मध्ये विदर्भातून टेस्ट खेळणारा पहिला तोच ठरला.

वहीत मी शेतीची कामंही लिहायला लावतो. दिवसभर 16 लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेतला, सोयाबीनची पोती ट्रॉलीत चढवली, तर दुसऱ्या दिवशी बॉलिंग नाही. कंबरेला पंप कोणता आणि बॉल कोणता हे कळत नाही. व्यायामाचं लांबण लावत नाही: प्लँक, साइड प्लँक, एका पायावरच्या बैठका, आणि मांडीच्या मागच्या शिरा ताणणं. पाय पडतो तिथल्या भेगा बारीक मातीनं बुजवा, टाच झिजलेले बूट बदला.

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही बाजूंना सारखं, काम केल्यावर येतं आणि सकाळी जातं, ते बहुधा स्नायूचं. कंबरेच्या एकाच बाजूला बोट ठेवून दाखवता येतं, मागे वाकल्यावर वाढतं, बॉलिंगला उठतं आणि आरामानं बसतं, ते दिसलं की त्याच दिवशी बॉलिंग बंद. पोरं लपवतात. एकाला विचारलं, ‘काहून सांगतलं नाही?’ तर म्हणे, ‘सांगतलं असतं त फायनलले बसवलं असतं.’ शेकणं, बाम, हाड बसवणारा, यातलं काही नको; हाडाच्या डॉक्टरकडे न्या. एक्स-रे साफ आला म्हणून खूश होऊ नका, सुरुवातीची चीर त्यात दिसेलच असं नाही. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर अकोला-अमरावतीचा फेरा चुकवू नका. लवकर सापडलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीत सहसा भरून येतं.

डॉक्टरांनी सोडल्यावर पुन्हा जागेवरून, मग तीन पावलांवरून सुरू करायचं. एक दिवस बॉलिंग, एक दिवस सुट्टी, आणि दुखलं की एक पायरी मागे. पहिला महिना टूर्नामेंटचं नाव नाही. कॅप्टनचा फोन आला तर तो बापानं उचलावा.