धंद्यात अडचण यायच्या आधीच माणसं जोडून ठेवा

सांगली-मिरज-कुपवाड भागात नवीन युनिट टाकणाऱ्यांना एवढंच सांगेन, अडचण आल्यावर माणसं शोधायला निघू नका, तोवर उशीर झालेला असतो. आधी तुमच्या धंद्याला जवळचा पण कॉम्पिटिटर नसलेला एक जण गाठा, म्हणजे तुम्ही हळद पावडर करत असाल तर बेदाण्याचं पॅकिंग करणारा, कारण मार्केट यार्डातली उधारी, कामगार, पॅकिंग मटेरियल हे त्याचंही दुखणं तेच असतं आणि तो मोकळेपणाने रेट सांगतो. मग एक हिशोबातला माणूस, म्हणजे अकाउंटंट किंवा सीए. पेमेंट अडकलं की तोच सांगेल, उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारकडची नोंदणी) असलेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, 2006 च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात तसं आहे. आणि घरातलं कुणीतरी, बायको, भाऊ, आई, ज्यांना कर्जाचा खरा आकडा माहीत आहे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, लपवून लपवून माणूस आतून खचतो हो. फक्त कामापुरता फोन करू नका, महिन्यातून एकदा चहाला बसा, त्यांचंही ऐका, जमेल तेव्हा त्यांच्याकडे गिऱ्हाईक पाठवा.