फिकी पडलेली जीन्स घरी काळी करताना

रंगाची पुडी आणण्याआधी जीन्सच्या आतलं लेबल वाचा. १०० टक्के कॉटन किंवा ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असेल तर काम सोपं. पॉलिएस्टर २५-३० टक्क्यांच्या वर असेल तर गडद काळा येणार नाही. कॉटन रंग घेईल, पॉलिएस्टर आहे तसंच राहील आणि कापड राखाडी, मिसळलेलं दिसेल. लेबल कापून टाकलेलं असेल तर आतल्या कडेला सुटलेले कापडाचे धागे घेऊन चिमट्यात धरून जाळून बघा. कॉटन कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि काळा, कडक मणी होतो. निळा आणि पांढरा धागा वेगवेगळा तपासा, कारण भेसळ असली तर बहुधा आडव्या, पांढऱ्या बाण्यात असते.

डेनिममध्ये फक्त ताणा, म्हणजे उभा धागा, निळा रंगवलेला असतो, तोही इंडिगोत. इंडिगो पाण्यात विरघळत नाही. तो धाग्याच्या बाहेरच्या थरात बसतो, गाभ्यापर्यंत जात नाही, म्हणून गुडघे आणि मांड्या घासून पांढऱ्या पडतात. आपण वरून जो रंग देणार आहोत तो झिजलेल्या आणि न झिजलेल्या, दोन्ही जागी सारखाच चढतो. त्यामुळे गुडघ्याचा फिकेपणा काळ्याखाली दबतो, पण पुरता जात नाही. ज्यांना दुकानातल्यासारखी सपाट काळी हवी असते, त्यांची इथे निराशा होते. निळ्यावर लाल दिला तर जांभळट आणि पिवळा दिला तर हिरवट येतं, हेही आधीच लक्षात घ्या.

कुठला रंग आणायचा

स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या, उकळत्या पाण्यात मीठ घालून वापरायच्या छोट्या पुड्या बहुतेक डायरेक्ट रंगांच्या असतात. त्या वापरायला सोप्या आहेत, पण हा रंग धाग्याला नुसता चिकटून राहतो आणि प्रत्येक धुण्यात थोडा सुटतो. जीन्ससारख्या वारंवार धुवायच्या कपड्याला रिॲक्टिव्ह रंगच घ्यावा. तो सोड्याच्या पाण्यात कॉटनशी रासायनिक बंध करतो.

रिॲक्टिव्हमध्येही प्रकार आहेत, आणि दुकानदाराला नीट सांगितलं नाही तर भलताच हातात पडतो. 'कोल्ड ब्रँड' किंवा 'एम' म्हणजे ३० ते ४० अंशांवर बसणारे. टी-शर्ट, कुर्ते, ओढण्या यांच्या लाल, पिवळ्या, निळ्या छटांसाठी हे उत्तम. काळ्यासाठी मात्र 'रिॲक्टिव्ह ब्लॅक बी' मागा. त्याला ६० अंश लागतात. हा कमी घातला तर काळा न दिसता नेव्ही ब्लू दिसतो. जीन्स काळी न करता पुन्हा गडद निळी करायची असेल तर हाच गुण कामी येतो: काळ्याला लागतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा घ्या, बाकी सगळं तसंच.

रंग आणि रसायनांचा घाऊक बाजार मुंबईत मस्जिद बंदरच्या वडगादीत आहे. ठाण्याहून निघालात तर स्लो लोकल पकडा, फास्ट मस्जिदला थांबत नाही. नवी मुंबईकरांना हार्बर लाइन थेट तिथे सोडते. सोडा ॲश, म्हणजे निर्जल धुण्याचा सोडा, तिथेच घ्या. किराणा दुकानातला ओलसर, खडेदार धुण्याचा सोडा त्याच्या जागी चालतो, पण त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. १०० ग्रॅम सोडा ॲशच्या जागी तो सुमारे २७० ग्रॅम लागेल. खाण्याचा सोडा अजिबात चालत नाही, त्याचा अल्कलीपणा पुरत नाही. व्हिनेगर तर उलटंच काम करतं. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो हा समज या रंगांच्या बाबतीत चुकीचा आहे: मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं, पक्का करतो तो सोडा.

एका जीन्सचं प्रमाण

कोरडी जीन्स वजन करा. पुरुषांची साधारण ६५० ग्रॅम भरते, आणि पुढचे आकडे त्याच वजनाला धरले आहेत. पाणी कापडाच्या २० पट, म्हणजे १३ लिटर. रंग कापडाच्या ६ टक्के, म्हणजे ४० ग्रॅम. मीठ लिटरला ८० ग्रॅम, म्हणजे जवळपास १ किलो. सोडा ॲश लिटरला २० ग्रॅम, म्हणजे २६० ग्रॅम. नेहमीचं पाकीटबंद बारीक मीठ घ्या. जाडं मीठ स्वस्त असतं, पण त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे सोड्याबरोबर गाळ होऊ शकतो.

पातेलं स्टेनलेस स्टीलचं, निदान १८-२० लिटरचं. ॲल्युमिनियम सोड्यात काळवंडतं आणि झिजतं, ते नको. या कामाला वापरलेलं पातेलं, चमचा, गाळणी पुन्हा स्वयंपाकात घ्यायची नाही. लांब रबरी हातमोजे घाला आणि पुडी उघडताना पंखा बंद करून तोंडाला धूळ अडवणारा मास्क लावा. रिॲक्टिव्ह रंगाची पूड श्वासात गेली तर कायमची ॲलर्जी जडू शकते. एकदा पाण्यात विरघळली की ती भीती उरत नाही.

पाण्याचंही बघा. नवी मुंबई महापालिकेचं पाणी मोरबे धरणाचं, ठाण्याचंही नदीचं. साबणाला चांगला फेस येत असेल तर ते रंगकामाला बरं. घोडबंदर रस्ता, खारघर, उलवे इथल्या टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत मात्र बोअरचं पाणी येऊ शकतं. फेस लवकर बसत असेल आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. त्यात रंग एकसारखा बसत नाही आणि ठिपके येतात. लिटरला १ ते २ ग्रॅम हेक्झामेटाफॉस्फेट, म्हणजे पाण्याचा जडपणा मारणारं रसायन, घातलं की हा त्रास टळतो. वडगादीत 'हेक्झा' म्हणून मागा.

रंगवणं

कमरेवरचं चामडी लेबल उसवून ठेवा, गरम पाण्यात ते आक्रसतं. मग जीन्स ६०-७० अंशांच्या पाण्यात, लिटरला २ ग्रॅम सोडा आणि थोडं डिटर्जंट घालून अर्धा तास धुवा. हा टप्पा सगळे वगळतात, आणि ढगाळ, डागाळ रंगाचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. धुण्याच्या शेवटी घातलेलं सॉफ्टनर, घामाचा तेलकटपणा, दुचाकीच्या ग्रीसचा पुसट डाग, यातलं काहीही राहिलं तर तिथे रंग धरत नाही. नव्या कापडाची खळही अशीच काढावी लागते. धुतल्यावर पिळा, पण वाळवू नका. ओलं कापड रंग एकसारखा ओढतं. चेन उघडी, बटणं सुटी, खिसे उलटे करून ठेवा.

रंग आधी थोड्या गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग गरम पाणी घालून पातळ करा आणि जुन्या सुती कापडातून गाळा. न विरघळलेला एक कण जीन्सवर पडला तरी तिथे कायमचा ठिपका होतो. १३ लिटरपैकी २ लिटर सोड्यासाठी बाजूला काढा. उरलेलं ११ लिटर पाणी ४० अंशांवर आणून त्यात गाळलेला रंग घाला, जीन्स बुडवा आणि दहा मिनिटं सतत खालीवर करा. मग मीठ तीन हप्त्यांत, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. प्रत्येक वेळी जीन्स बाजूला उचलून मीठ पाण्यात विरघळवा, मगच कापड परत सोडा. सगळं मीठ एकदम टाकलं तर रंग घाईने वरच्या घडीवर बसतो आणि आत पट्टे राहतात. त्याच दरम्यान मंद आचेवर पाणी ६० अंशांवर न्या.

सोडा बाजूच्या पाण्यात पूर्ण विरघळवून, जीन्स बाहेर काढून, दोन हप्त्यांत दहा मिनिटांच्या अंतराने ओता. सोडा पडल्यावर घड्याळ सुरू झालं समजा: एक तास, ६० अंश टिकवून, सतत हलवत. पहिली २० मिनिटं सर्वांत महत्त्वाची. तेव्हा पातेलं सोडून गेलात तर पायाच्या घडीवर फिकी रेघ उमटते. तासाभरानंतर रंगाच्या पाण्याचा जोर संपलेला असतो. ते उद्याच्या कपड्याला ठेवून उपयोग नाही, कारण सोड्याबरोबर रंग पाण्याशीच संयोग करून निकामी होतो.

धुणं, खरं काम इथे

न बसलेला रंग धाग्यांत अडकलेला असतो. तो काढला नाही तर जीन्स पुढे महिनोन्महिने गाडीच्या सीटला आणि पांढऱ्या मोज्यांना रंग देत राहील. आधी थंड पाण्यात तीन-चार वेळा खळखळून मीठ-सोडा घालवा. नंतर लिटरला एक चमचा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं. इथे मात्र ते योग्य आहे, उरलेला सोडा मारायला. सोडा शिल्लक असताना उकळलं तर ब्लॅक बीचा बसलेला रंगही सुटतो, म्हणून हा क्रम मोडू नका. मग थोड्या साबणाच्या पाण्यात ९० अंशांच्या वर १५ मिनिटं, आणि पाणी बदलून पुन्हा तसंच. इलास्टेन असलेली जीन्स ७०-७५ अंशांवरच धुवा, उकळीने तिचा ताण ढिला पडतो. तिला एक धुणं जास्त द्या. शेवटी ओला पांढरा रुमाल कापडावर दाबून घासा. फिकट राखाडी डाग चालेल, काळा उठला तर आणखी एक गरम धुणं. इंडिगोमुळे थोडी निळसर छटा येतच राहते, तिला घाबरायचं कारण नाही.

सावलीत, उलटी करून वाळवा. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, म्हणून हे काम जून ते सप्टेंबर टाळलेलं बरं.

काय बिघडतं

काळ्याऐवजी गडद निळा आला तर रंग कमी पडला किंवा तापमान ६० अंशांपर्यंत गेलंच नाही. नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नका, थर्मामीटर घ्या. छटा फिकी पण एकसारखी असेल तर बहुधा मीठ कमी पडलं किंवा सोडा ओलसर होता. पुन्हा पूर्ण प्रक्रिया करता येते. पट्टे आले तर कापड खचाखच भरलेलं होतं. एका पातेल्यात दोन जीन्स कोंबू नका. शिवणीचा धागा पिवळाच राहिला तर तो पॉलिएस्टरचा आहे, तो असाच राहणार. काळी जीन्स ब्लीचमध्ये टाकून उजळायचा विचार असेल तर आधी आतल्या कडेवर एक थेंब टाकून बघा. बाजारातली बरीच काळी जीन्स सल्फर रंगाची असते आणि क्लोरीनने तांबूस तपकिरी होते. इलास्टेन असेल तर ब्लीच नकोच.

रंग उतरवायला 'हायड्रो', म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, वापरतात. निळ्या डेनिमवर त्याचा परिणाम गोंधळात टाकतो: इंडिगो पिवळट-हिरवा होऊन सुटल्यासारखा वाटतो आणि हवा लागली की राहिलेला पुन्हा निळा होतो. त्याच्या पुडीत ओल गेली तर ती आपोआप तापते, म्हणून डबा घट्ट बंद आणि मुलांपासून दूर.

इतर कापडं

कॉटनचा टी-शर्ट १८० ग्रॅमचा असेल तर कोल्ड ब्रँड साडेतीन-चार ग्रॅम, पाणी साडेतीन लिटर, मीठ १७५ ग्रॅम, सोडा ७० ग्रॅम. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी आयतंच कोमट येतं, तापवायची गरज पडत नाही. जानेवारीत एखादी किटली गरम पाणी मिसळा. व्हिस्कोस कॉटनपेक्षा गडद येतं, त्याला रंग थोडा कमी घ्या. रेशीम आणि लोकरीला ॲसिड रंग आणि व्हिनेगर लागतं, जीन्सच्या सोड्यात लोकर टाकली तर ती खराब होईल. जरीकाठाची साडी घरी रंगवू नये. पॉलिएस्टर घरी रंगवायचा हट्टही सोडा. त्याच्या रंगाला दाबाखाली १३० अंश लागतात.

पाणी कुठे टाकायचं

रंगाचं पाणी बाथरूमच्या किंवा संडासाच्या नळीत ओता, ते मलवाहिनीत जातं. बाल्कनीतल्या पावसाच्या जाळीत नको, ते नाल्यातून थेट ठाण्याच्या खाडीत जाऊ शकतं, आणि खाडी २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. उल्हासनगरच्या जीन्स धुलाईने वालधुनी नदीचं काय झालं ते ठाणेकरांना माहीत आहे. ओतण्याआधी पाणी गार होऊ द्या आणि पाठोपाठ बादलीभर साधं पाणी सोडा. उरलेली कोरडी पूड दुहेरी पिशवीत, झाकणाच्या डब्यात, वर्षासह तारीख लिहून ठेवा. दमट हवेत उघडी राहिलेली पूड हळूहळू निकामी होते आणि रंग दरवेळी फिका येत जातो.