लग्नाचे फोटो काढताय? आधी गुरुजींना गाठा

मी फोटो काढलेल्या पहिल्या लग्नात अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा एकच फोटो मला मिळाला आणि त्यात नवरीच्या मामांचा फेटा आहे. नुसता फेटा. मी नवरीच्या मागे उभी होते, कारण तिथे जागा रिकामी होती. करवली आणि मामा ऐन वेळी तिथेच येऊन उभे राहतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगते, उभं राहायचं ते कडेला, कापडाच्या टोकाशी. एका हाताला नवरा, दुसऱ्या हाताला नवरी, मधे अंतरपाट. कापड निघालं की दोघं एकाच चौकटीत समोरासमोर येतात. कापड कुठल्या बाजूला ओढणार, हे गुरुजींना सकाळीच विचारून ठेवा आणि त्याच्या उलट टोकाला थांबा. व्हिडिओवाल्यालाही नेमकी तीच जागा हवी असते. त्याच्याशी मांडवात भांडण्यापेक्षा आधी चहा पाजावा. तो उभा, मी त्याच्या पुढ्यात गुडघ्यावर, असं आमचं जमतं.

वेळ कशी ओळखायची? ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ कानावर पडलं की कॅमेरा डोळ्याला लावा आणि काढू नका. बहुतेक ठिकाणी शेवट याच श्लोकाने होतो. पण आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली असतील, तर ती किती आहेत आणि कधी म्हणणार, तेही विचारा. माझी एकदा त्यातच फ्लॅशची बॅटरी संपली होती. आता अष्टकं सुरू व्हायच्या आधीच नवी घालते.

प्रत्येक ‘सावधान’ला अक्षता पडतात, ती तुमची रंगीत तालीम. एकेक फोटो काढून उजेड तपासून घ्या. अंतरपाट पांढरा असतो, त्यामुळे ऑटोवर ठेवलेला कॅमेरा फसतो आणि चेहरे काळवंडतात. मॅन्युअलवर या, म्हणजे उजेडाची मापं स्वतः ठरवा. कार्यालयातल्या स्वस्त एलईडी दिव्यांखाली शटरचा वेग १/५०० सेकंद केला की फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मी १/१०० वर सुरुवात करते, लेन्सचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ/२.८, उजेडाची संवेदनशीलता (आयएसओ) १६००च्या आसपास. फ्लॅश छताकडे वळवायचा, पण छत पांढरं असेल तरच. पिवळ्या कापडाच्या मांडवात असं केलंत, तर नवरी कावीळ झाल्यासारखी दिसेल.

हळदीला फार डोकं लावू नका. उजेड बाहेरचा असतो, हळद लागू नये म्हणून लेन्सवर फिल्टर लावा, झालं.

लाजाहोमात मात्र नवरीचा भाऊ नजरेआड होऊ द्यायचा नाही. कानपिळणी दोन सेकंदांत आटोपते, आणि सख्खा भाऊ नसला तर कान पिळायला कोण उठेल, हे घरच्यांनाच ठाऊक असतं. विचारून ठेवा.

सूनमुखाला सासूबाई आरशात सुनेचा चेहरा बघतात. कॅमेऱ्याचा फोकस हटकून आरशाच्या चौकटीवर अडकतो. तो प्रतिबिंबातल्या डोळ्यांवर आणा आणि आरशात आपण दिसत नाही ना, तेवढं बघा. माझ्या एका अल्बममध्ये सासू, सून आणि मधोमध कॅमेरा धरलेली मी, अशा तिघी आहोत.