'अंतराळवाली' रँडल सुरी? आधी म्यान उलटून पाहा

'ही मर्क्युरीच्या (अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमांच्या) काळातली' असं सांगून रँडल या अमेरिकन सुरी-कारखान्याची 'ॲस्ट्रो' सुरी विकायला काढतात. पण ही 'ॲस्ट्रो', म्हणजे रँडलचं 'मॉडेल 17', त्या काळानंतरही बनतच राहिली. सुरी खरी, काळ खोटा, असा घोळ इथेच होतो.

1. म्यानावर बनवणाऱ्याचा ठसा शोधा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च चामड्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला की पुसट अक्षरंही उठून दिसतात. शाई-पेन्सिल घासू नका.

2. ठसा 'हायझर' (रँडलसाठी म्यानं बनवणारे जुने कारागीर) असेल तर जुना काळ. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम जॉन्सनकडे गेलं. जॉन्सननंतरच्या 'सुलिव्हन'चा ठसा दिसला तर 1961-63 च्या उड्डाणांची गोष्ट तिथेच संपली.

3. मग सुरी म्यानात घालून बघा. सैल बसते, किंवा चामड्यातला जुना दाब मुठीशी जुळत नाही? जोडी मागाहून जमवलेली असू शकते. म्यान बदलणं फार सोपं, म्हणून ठसा हा पुरावा नव्हे, फक्त सुरुवात.

'प्रत्यक्ष अंतराळात गेलेली' असा दावा असेल तर कागद मागा. अंतराळवीर गस ग्रिसमची सुरी 1961 मध्ये लिबर्टी बेल 7 यानासोबत समुद्रात बुडाली आणि 1999 मध्ये यान वर काढलं तेव्हा सापडली. असा माग नसेल, तर साध्या जुन्या ॲस्ट्रोचेच पैसे द्या.

आणि पातं घासून चकाचक करू नका. धारेचा मूळ आकार आणि पात्यावरच्या ठशाच्या कडा गेल्या की तपासायला उरतं काय!