नाशिकरोड कारागृहाची आकडेवारी माहिती अधिकारात कशी मागावी

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी ३१ डिसेंबरच्या स्थितीनुसार देशातील तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो, पण ती मुख्यतः राज्यनिहाय असते. नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहाची सविस्तर माहिती हवी असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कारागृहाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात अर्ज करावा आणि त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ आहे, मात्र त्याचा पुरावा जोडावा लागतो.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द एवढीच मुभा असल्यामुळे बंदीसंख्या आणि वैद्यकीय सोयी यांसाठी वेगवेगळे अर्ज करावेत. ‘गर्दी का आहे?’ असे विचारल्यास उत्तर मिळत नाही, कारण कायद्याने फक्त नोंदीत असलेली माहिती मिळते. त्याऐवजी असे लिहावे : ‘दि. ३१ मार्च रोजीची अधिकृत बंदी क्षमता, सिद्धदोष व न्यायाधीन बंद्यांची संख्या, आणि न्यायाधीनांपैकी एक, दोन व पाच वर्षांहून अधिक काळ कारागृहात असलेल्यांची संख्या.’ (सिद्धदोष म्हणजे शिक्षा झालेले, न्यायाधीन म्हणजे खटला अजून चालू असलेले कच्चे कैदी.) बंद्यांची नावे मागू नयेत. खासगी माहितीच्या कारणावरून नकार येण्याची शक्यता असते.

माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रश्न वेगळाच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ४७९ नुसार, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि यापूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याच्या बाबतीत एक तृतीयांश काळ कोठडीत गेला, की सुटकेसाठी न्यायालयाला लेखी अर्ज करणे ही कारागृह अधीक्षकांची जबाबदारी ठरते. मागील आर्थिक वर्षात असे किती अर्ज पाठवले, किती मंजूर झाले, हे महिनावार मागावे. जामीनदार न मिळालेल्या गरीब कच्च्या कैद्याची सुटका या नोंदीवर अवलंबून असू शकते.

अर्ज हाती दिल्यास स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. प्रश्न एखाद्याच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल, तर ४८ तासांची. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत प्रथम अपील करावे. तेथेही समाधान न झाल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते.