व्हेपचं (ई-सिगारेटचं) लिक्विड घरी बनवताना फ्लेवर कसा निवडाल?

बाटलीवर ‘खाण्यायोग्य’ लिहिलंय म्हणून तो फ्लेवर ओढण्यायोग्य ठरत नाही. ती तपासणी पोटासाठी असते, फुफ्फुसांसाठी नाही.

सगळ्यात आधी बेस, म्हणजे फ्लेवर कशात विरघळवलाय ते बघा. तेलातला अर्क, इसेन्शियल ऑइल, केकसाठीचा तेलकट इसेन्स, यांतलं काहीही नको, अगदी थेंबभरसुद्धा. तेल फुफ्फुसात गेलं की लिपॉइड न्यूमोनिया (तेलकट पदार्थामुळे फुफ्फुसांना येणारी सूज) होऊ शकतो. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुफ्फुसं निकामी होण्याची जी साथ आली, तिच्यामागेही मुख्यतः व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट हा तेलकट पदार्थच निघाला. प्रॉपिलीन ग्लायकॉल या बिनतेलाच्या द्रवात विरघळवलेला फ्लेवर त्यातल्या त्यात बरा.

मग घटकांची यादी. लोणी, कस्टर्ड, कॅरॅमल अशा मलईदार चवींत डायअसिटिल हे लोण्याची चव देणारं रसायन किंवा त्याचा भाऊबंद असिटिल प्रोपिओनिल असू शकतो. मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यांत डायअसिटिलची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या श्वासनलिका कायमच्या आकसल्या होत्या. ‘डायअसिटिल नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. बऱ्याचदा त्याच्या जागी हा भाऊबंदच घातलेला असतो. उत्पादक चाचणीचा अहवाल दाखवत नसेल तर ती बाटली सोडून द्या.

साखर, सुक्रालोज, खाद्यरंग नकोत. दालचिनीचा फ्लेवर घसा आणि श्वसनमार्गाला झोंबतो, तोही टाळलेला बरा.

एवढं पाळूनही धोका शून्य होत नाही, फक्त कमी होतो. बिनफ्लेवरचं लिक्विड चालत असेल तर हा सगळा खटाटोपच नको. आणि व्हेप न करणाऱ्याने यात पडूच नये.